जुन्या ट्रकचे कूलंट थोडे थोडे कमी होते, पण गळती बाहेर दिसत नाही

कादवाकाठ

नमस्कार. निफाड तालुक्यातून द्राक्षे आणि कांदा बाजारात नेण्यासाठी आम्ही भावांनी मिळून यंदा एक जुना सहाचाकी ट्रक घेतला आहे. गाडी २०१५ सालची असून इंजिन प्रदूषण नियमांच्या बीएस-३ टप्प्याचे, सहा सिलिंडरचे, टर्बो आणि इंटरकूलर असलेले आहे. ब्रेक हवेचे आहेत. या इंजिनावर ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने गार करणारा भाग, नाही. इंजिन ताकदीला चांगले आहे, धूर नाही, तापमानाचा काटा कधी मधल्या रेषेच्या वर गेलेला नाही.

तक्रार एकच आहे. कूलंटच्या टाकीतील पातळी हळूहळू खाली जाते. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारापर्यंतची जवळची खेप असेल, तर फरक जेमतेम बोटभर पडतो. माल भरून कसारा घाटातून वाशीच्या बाजारात जाऊन आल्यावर मात्र साधारण अर्धा लिटर भर घालावी लागते. गाडी जेथे उभी असते, तेथे जमिनीवर कधीतरी एखादा ओला ठिपका दिसतो, पण अर्धा लिटर जाईल एवढी गळती मला कोठेही दिसलेली नाही.

गावाजवळच्या एका गॅरेजात दाखवले असता, इंजिन चालू ठेवून टाकीचे झाकण उघडल्यावर आत बुडबुडे येताना दिसले. त्यावरून तेथील मिस्त्रींनी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग, गेले आहे असे सांगितले आणि हेड उतरवण्याचा सल्ला दिला. हंगाम तोंडावर आहे. हेड उतरवायचेच असेल तर माझी ना नाही, पण दोष तेथेच आहे अशी खात्री पटल्याशिवाय तो खर्च करावा असे मला वाटत नाही. जाणकारांनी कृपया पहिल्यापासून क्रमाने काय तपासावे, ते सांगावे.

पाना_पक्कड

हेड उतरवण्याआधी बाहेरची गळती पूर्णपणे शोधून संपवा. बाहेरची एक गळती जरी शिल्लक असली, तरी आतल्या दोषाविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष भरवशाचा राहत नाही.

सर्वप्रथम इंजिन थंड असताना वॉशिंग सेंटरवर नेऊन नीट धुऊन घ्या आणि हवेने कोरडे करा. जुन्या गाडीच्या इंजिनावर तेल आणि धूळ यांचा थर एवढा असतो, की बारीक झिरपणारे कूलंट त्यातच शोषले जाते आणि थेंब खाली पडतच नाही. शिवाय कूलंट गरम भागावर झिरपले, तर त्यातील पाणी उडून जाते आणि मागे फक्त पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो. तुम्हाला थेंब शोधायचा नाही, हा पापुद्रा शोधायचा आहे.

इंजिन कोरडे झाल्यावर प्रत्येक जोडावर खडूची बारीक पूड किंवा साधी टाल्कम पावडर भुरभुरा. नंतर हातपंपाचा प्रेशर टेस्टर टाकीच्या तोंडावर बसवा आणि झाकणावर जो दाब छापलेला असेल तेवढाच द्या, त्याहून अधिक देऊ नका. इंजिन बंद ठेवून काटा किमान वीस मिनिटे पाहा. पूड जेथे ओली होऊन काळी पडेल, तेथे गळती आहे.

आता पाहण्याच्या जागा सांगतो. होज पाइपांच्या क्लिपा, विशेषतः खालच्या मोठ्या होजची. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जेथे दुमडून जोडलेली असते, ती संपूर्ण कड. थर्मोस्टॅटच्या घराचे पॅकिंग. कूलंटच्या टाकीची शिवण. तीवर उन्हाने बारीक तडे जातात आणि ते दाबाखालीच उघडतात. ब्लॉकमधील डमी, म्हणजे पत्र्याचे गोल कोअर प्लग. यांतील एखादी डमी स्टार्टरच्या किंवा एखाद्या ब्रॅकेटच्या मागे असते आणि आरशाशिवाय दिसत नाही. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला, सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये, एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. सील गळू लागले तर पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावे, हा त्याचा उपयोग आहे. त्या भोकाखाली लांबट ओघळ दिसला तर पंपाचे दिवस भरले असे समजा, आणि ते भोक कोणाच्याही सांगण्यावरून एमसीलने बुजवू नका.

ही चाचणी एकदा पहाटे, गाडी पूर्ण गार असताना करा आणि एकदा गाडी चालवून आणल्यावर करा. तुमच्या निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो. अशा गारठ्यात होजचे रबर आकसते, स्क्रूची क्लिप त्याच्यामागे आवळली जात नाही, आणि पहाटे थेंब थेंब गळते. इंजिन तापले की रबर फुगून तोच जोड बंद होतो. गॅरेजात गाडी नेहमी तापलेली पोहोचते, म्हणून हा दोष मिस्त्रीला कधी दिसतच नाही.

घाटवाट

मी स्वतः चालक आहे. पाना_पक्कड यांनी सांगितलेले सर्व करावे, पण त्याआधी टाकीचे झाकण बदलून पाहावे. झाकणात दाबाची एक झडप आणि उलट ओढीची एक झडप असते. दाबाची झडप कमजोर झाली की कूलंट तापून फुगल्यावर जास्तीच्या नळीतून रस्त्यावर जाते आणि घरी आल्यावर कोठेच ओल सापडत नाही. त्या नळीच्या तोंडापाशी, चॅसीवर, वाळलेला डाग आहे का ते पाहा.

दुसरे असे, की गाडी जुनी घेतली असल्याने आधीच्या माणसाने रेडिएटरमध्ये हळद टाकली होती का, हे विचारा. रस्त्यात गळती लागली की मूठभर हळद टाकण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. बारीक छिद्र तात्पुरते बंद होते, हे खरे आहे. पण ती हळद नंतर कोणी धुऊन काढत नाही, आणि ती सर्वांत अरुंद वाटांमध्ये जाऊन बसते.

झाकण उघडण्याविषयी एक विनंती आहे. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. आमच्या ओळखीतील एका क्लीनरचा हात आणि मान त्यामुळे भाजली आहे. वरचा होज हाताला गार लागला, तरच झाकणाला हात लावा.

कादवाकाठ

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे सर्व केले. जे आढळले ते सविस्तर लिहितो.

पहाटे गार इंजिनावर दाब देताच खालच्या होजच्या क्लिपेपाशी पूड ओली झाली. क्लिप काढून पाहिली तर तिच्या खालचे रबर चिरलेले होते. होज आणि दोन्ही क्लिपा नव्या बसवल्या. झाकण टेस्टरवर लावून पाहिले, तर छापील दाबाच्या बरेच आधी ते सोडत होते, तेही बदलले. वॉटर पंप कोरडा आहे. डमी आरसा लावून पाहिल्या, त्याही कोरड्या आहेत.

घाटवाट दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. टाकीच्या तळाशी पिवळसर गाळ आहे. आधीच्या मालकांना फोन केला, तेव्हा त्यांनी हळद टाकल्याचे मोकळेपणाने सांगितले. पाणीही बोअरचेच भरत असत.

या दुरुस्तीनंतर बाजाराच्या जवळच्या खेपांत पातळी अजिबात हलत नाही, जमिनीवरचा ठिपकाही बंद झाला. वाशीच्या खेपेला मात्र कूलंट अजूनही कमी होते, पूर्वीपेक्षा थोडे कमी एवढेच. प्रेशर टेस्टर लावून ठेवला तर काटा फार सावकाश खाली येतो, आणि बाहेर कोठेही पूड ओली होत नाही. बुडबुडेही आहेतच.

यंत्रवेध

बाहेर कोरडे आणि काटा उतरतो आहे, याचा अर्थ कूलंट आत कोठेतरी जात आहे. आता दाबाचे गणित लक्षात घेतले तर शोध सोपा होईल.

शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. नाशिकसारख्या सुमारे ६०० मीटर उंचीवर ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते, आणि झाकणाने जवळपास एक बार जास्तीचा दाब धरून ठेवला तर हाच आकडा १२५ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे झाकण, ग्लायकॉल आणि गळतीरहित जोड हे तिन्ही मिळून इंजिनाला उकळण्यापासून वाचवतात. यातील एक जरी ढिला पडला, तरी हेडमधील सर्वांत तापलेल्या जागी वाफेचे कप्पे तयार होतात आणि काट्यावर ते लगेच दिसत नाहीत.

तुमच्याकडे बुडबुडे येत आहेत, म्हणजे कूलंटपेक्षा अधिक दाबाचा कोणतातरी वायू त्यात शिरतो आहे. हेड गॅस्केट हे त्याचे एक कारण आहे, पण ते सिद्ध करता येते. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल, तर टाकीच्या तोंडावरील हवा निळ्या द्रावणातून ओढल्यावर कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावणाचा रंग पालटतो. एक खबरदारी घ्यावी लागते. डिझेल इंजिन नुसते घुरघुरत असताना त्यात हवा फार आणि इंधन थोडे असते, त्यामुळे धुरातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही कमी असते. गॅरेजात उभ्या गाडीवर केलेली ही चाचणी म्हणूनच पुष्कळदा खोटा दिलासा देते. गाडी चढावर भार देऊन चालवावी आणि लगेच चाचणी घ्यावी. अर्थात झाकण सावकाश, जाड कापड धरून, दाब सोडत उघडावे लागेल, आणि हे काम अनुभवी माणसानेच करावे.

तेलाकडेही पाहा. ऑइल कूलरमध्ये छिद्र असेल तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त असल्याने तेल कूलंटमध्ये येते आणि टाकीत तपकिरी साय धरते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य होतो, कूलंटचा दाब मात्र बराच वेळ टिकतो, आणि मग प्रवाह उलटा होऊन कूलंट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा नट थोडासाच ढिला करा. कूलंट तेलापेक्षा जड असल्याने आत गेले असेल तर सर्वांत आधी तेच बाहेर येईल.

या धाग्यावर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे वाचकही असतील, म्हणून एवढेच नोंदवते, की त्यांच्यापैकी पुष्कळ गाड्यांत ईजीआर कूलर असतो आणि बाहेर न दिसणाऱ्या गळतीच्या यादीत तो फार वरचा आहे. त्यातून कूलंट थेट इंजिनाच्या हवेच्या वाटेत जाते आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ बाहेर पडते.

निवृत्त_कार्यशाळा

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालो. हवेच्या ब्रेकच्या गाड्यांवर आयुष्य गेले, म्हणून हा धागा वाचून राहवले नाही.

कादवाकाठ, तुम्हाला काही प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे आठवून नव्हे तर पाहून द्या. वाशीच्या खेपेत कूलंट नेमके केव्हा कमी होते? कसारा उतरून खाली गेल्यावर पातळी पाहिली आहे का, आणि परत घाट चढून वर आल्यावर पाहिली आहे का? परतीला गाडी भरलेली असते की रिकामी? हवेच्या टाक्यांचे नळ शेवटचे केव्हा सोडले होते, आणि त्यातून काय निघाले होते?

हेड गॅस्केट गेलेली गाडी चढावर कूलंट टाकते. चढावर इंजिन पूर्ण भाराखाली असते, सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असतो, आणि गॅस्केटमधील फट तेव्हाच उघडते. तुमच्या गाडीचे तसे असेल तर यंत्रवेध ताईंनी सांगितलेली चाचणी करा आणि हेड उतरवा. पण कूलंट उतारावर कमी होत असेल, तर मला हेडची शंका येत नाही. मला एअर कंप्रेसरची शंका येते.

सर्व वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही जागा ट्रकवाल्यांच्याही ध्यानात येत नाही, आणि लहान गाड्यांवर शिकलेल्या मिस्त्रींना तर ती माहीतच नसते. हवेच्या ब्रेकसाठी लागणारी हवा इंजिनावर बसवलेला एक छोटा कंप्रेसर भरतो. हवा दाबली की ती फार तापते, म्हणून बहुतेक ट्रकांत या कंप्रेसरचे हेड इंजिनाच्याच कूलंटने गार ठेवलेले असते. दोन बारीक नळ्यांनी कूलंट त्याच्या हेडमध्ये जाते आणि परत येते. म्हणजे तुमच्या इंजिनाला एक दुसरे छोटे हेड आणि दुसरे छोटे हेड गॅस्केट आहे. ते गेले की दोन गोष्टी होतात. कंप्रेसर हवा भरत असताना, आठ बारच्या आसपासची हवा एक बारच्या कूलंटमध्ये घुसते. टाकीत बुडबुडे दिसतात, दाब वाढतो, झाकण उचलले जाते आणि कूलंट जास्तीच्या नळीतून रस्त्यावर पडते. इंजिन बंद झाल्यावर मात्र कूलंट उलट दिशेने कंप्रेसरच्या सिलिंडरमध्ये झिरपते. तेथून ते एक तर पुढच्या वेळी हवेबरोबर ड्रायरकडे, म्हणजे हवेतील ओल काढणाऱ्या डब्याकडे, आणि टाक्यांकडे फेकले जाते, किंवा रिंगांच्या बाजूने खाली उतरून इंजिनाच्या तेलात जाते, कारण या कंप्रेसरला तेल इंजिनाचेच असते आणि ते परत चेंबरमध्येच येते.

आता उताराचे पाहा. भरलेली गाडी कसारा उतरताना इंजिनावर भार नसतो, ते उलट गार पडते. पण चालक सारखा ब्रेक दाबत असतो, हवा सारखी खर्च होते, आणि कंप्रेसरला क्षणभर उसंत मिळत नाही. बाजाराच्या सपाट रस्त्यावर तोच कंप्रेसर बहुतेक वेळ मोकळा फिरतो. तुमच्या जवळच्या खेपा कोरड्या आणि वाशीची खेप ओली का, याचे उत्तर यात असू शकते.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हवेच्या सर्व टाक्या नळ सोडून रिकाम्या करा आणि निघणारे पाणी पांढऱ्या भांड्यात धरा. टाकीत थोडे स्वच्छ पाणी आणि काळपट तेलाचा अंश निघणे स्वाभाविक आहे, पण त्याला कूलंटचा रंग आणि बोटांना बुळबुळीतपणा असता कामा नये. चव घेऊन पाहू नका. ग्लायकॉल गोड लागते आणि ते विषारी आहे. नंतर इंजिन गार असतानाच कूलंटच्या टाकीचे झाकण काढा, इंजिन चालू करा आणि एका माणसाला हवेच्या काट्याजवळ बसवा. हवा भरत असताना बुडबुडे येत असतील, काटा पूर्ण दाबाला पोहोचून ड्रायरने फुस्स करून हवा सोडल्याबरोबर ते थांबत असतील, आणि ब्रेक दाबून दाब उतरवल्यावर पुन्हा सुरू होत असतील, तर दोष कंप्रेसरचा आहे. हेड गॅस्केटच्या बुडबुड्यांना ब्रेकच्या हवेशी काही देणेघेणे नसते.

पाना_पक्कड

काका, ही चाचणी इतकी स्वच्छ आहे की मी ती आमच्या गॅरेजातील मुलांना आजच दाखवली. आम्ही आजवर कंप्रेसरच्या दोन्ही नळ्या काढून त्या एका तुकड्याने एकमेकींना जोडत असू आणि बुडबुडे थांबतात का ते पाहत असू. तीही रीत चालते, पण कंप्रेसरला कूलंट मिळत नसल्याने इंजिन अगदी थोडा वेळ आणि कमी फेऱ्यांवरच ठेवावे लागते.

कादवाकाठ

काका, आपल्या प्रश्नांची उत्तरे पाहूनच देतो आहे.

टाकीवर गार इंजिनाच्या पातळीची रेघ मारली आणि वाशीची खेप केली. घाट उतरून खाली गाडी बराच वेळ थांबवून, गार होऊ देऊन पाहिले, तर पातळी रेघेच्या स्पष्ट खाली होती. परतीला खताचे भाडे होते, म्हणजे गाडी भरलेलीच होती. चढ चढून वर आल्यावर पुन्हा गार करून पाहिले, तर त्यात फरक जवळजवळ नव्हता. कूलंट उतारावरच जाते.

हवेच्या टाक्यांतून तपकिरी पाणी निघाले, आणि ड्रायरला सर्वांत जवळच्या टाकीतले पाणी हिरवट, बोटांना बुळबुळीत आणि कूलंटच्याच वासाचे आहे. बुडबुड्यांची चाचणी भाऊ आणि मी मिळून केली. ड्रायरने हवा सोडताच बुडबुडे थांबले. ब्रेक दाबून काटा खाली आणला, कंप्रेसर पुन्हा भरू लागला आणि बुडबुडे पुन्हा सुरू झाले. असे वारंवार करून पाहिले, प्रत्येक वेळी तेच घडले. चेंबरच्या नटातून मात्र स्वच्छ तेलच निघाले, त्यात पाणी नाही.

आता कंप्रेसर उतरवून देऊ. उघडल्यावर काय पाहावे, ते कृपया सांगावे.

निवृत्त_कार्यशाळा

तेलात पाणी नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. क्रँकचे बेअरिंग वाचले.

कंप्रेसर उघडताना हेड आणि सिलिंडर यांच्या कडा नीट पाहा. गॅस्केटवर कूलंटच्या भोकापासून सिलिंडरपर्यंत काळी रेघ गेलेली दिसेल. ती दिसली म्हणून नुसते नवे गॅस्केट बसवू नका. हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेज लावून तपासा, आणि वाकलेले असेल तर फेसिंग करून घ्या. हेडला केसाएवढी चीर असेल तर ते हेड बदलावे लागेल, वेल्डिंग टिकत नाही. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच आवळा.

गॅस्केट का गेले, हेही शोधा, नाहीतर नवेही तसेच जाईल. माझ्या पाहण्यात याची मुख्यतः दोन कारणे येतात. एक, कंप्रेसरपासून ड्रायरकडे जाणारा लोखंडी किंवा तांब्याचा पाइप आतून कार्बनने आवळलेला असतो, हवा पुढे जाऊ शकत नाही आणि हेड भाजते. दुसरे, कूलंटच्या त्या दोन बारीक नळ्या क्षाराने किंवा गाळाने भरलेल्या असतात. तुमच्या गाडीत बोअरचे पाणी आणि हळद या दोन्ही गोष्टी होत्या.

कादवाकाठ

कंप्रेसर उघडला. गॅस्केटवर आपण सांगितलेली काळी रेघ जशीच्या तशी होती. हेड वाकलेले होते, पण चीर नव्हती, त्यामुळे फेसिंग करून पुन्हा वापरले. आत जाणारी कूलंटची नळी कापून पाहिली, तर तिच्यात पिवळ्या-पांढऱ्या गाळाचा घट्ट खडा बसलेला होता आणि पाणी जायला जेमतेम सुईएवढी वाट उरलेली होती. हवेच्या पाइपातही कार्बन होता, पण वाट मोकळी होती. दोन्ही नळ्या नव्या घातल्या.

त्यानंतर संपूर्ण कूलंट सोडून दिले, रेडिएटर उतरवून उलट्या दिशेने धुतले, आणि ब्लॉकमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत वरचेवर पाणी बदलले. निघालेले कूलंट डब्यात भरून झाकून ठेवले आहे. गोठा अंगणातच आहे, वासरे आणि कुत्री मोकळी असतात आणि त्याच्या गोडीने ती ते पितील, याची भीती वाटली.

आता भरायचे कोणते, हे विचारायचे आहे. दुकानात हिरवे, लाल आणि निळे असे सर्व मिळते. आणि हवेच्या बाजूला जे कूलंट गेले आहे, त्याने ब्रेकचे काही बिघडेल का?

यंत्रवेध

रंगावरून निवड करू नका. रंग हा उत्पादकाने ओळखीसाठी घातलेला असतो, त्यावरून आतील रसायन कळत नाही. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात जो दर्जा दिला आहे तो पाहा आणि डब्यावर तोच दर्जा, तसेच भारतीय मानक आयएस ५७५९ चा उल्लेख आहे का ते तपासा. दोन प्रकारची कूलंटे मिसळू नका. काही मिश्रणांत जेलीसारखा साका बसतो. तुम्ही सर्व धुऊन काढले आहे, तेव्हा नव्याने भरण्याची हीच उत्तम वेळ आहे. घट्ट द्रव असेल तर त्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर मिसळा, बोअरचे पाणी टॉप-अपलाही वापरू नका.

मोठ्या डिझेल इंजिनांत योग्य कूलंट वापरण्याचे आणखी एक कारण आहे. पुष्कळ इंजिनांत लायनरची, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतो त्या नळकांड्याची, बाहेरची बाजू थेट कूलंटमध्ये असते. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, त्याच्या पाठीवर वाफेचे अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला खड्डे पाडत जातात. योग्य कूलंटमधील द्रव्ये लायनरवर संरक्षक थर धरतात. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनात या खड्ड्यांचे शेवटी आरपार छिद्र होते. आधीच्या काळात ही गाडी पाण्यावर किती चालली, ते आपल्या हाती नाही, म्हणून चेंबरच्या नटाची ती सकाळची तपासणी प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी चालू ठेवावी.

निवृत्त_कार्यशाळा

ब्रेकच्या बाजूविषयी. ड्रायरच्या डब्यातील दाणे कूलंटने माखले असतील तर ते पुन्हा कोरडे होऊन कामाचे राहत नाहीत, तेव्हा डबा बदलाच. हवेच्या सर्व टाक्या रोज संध्याकाळी सोडत राहा, जोवर निघणारे पाणी रंगहीन होत नाही. ब्रेक पॅडलखालचा व्हॉल्व्ह आणि मागचा रिले व्हॉल्व्ह एखाद्या चांगल्या ब्रेकवाल्याकडून उघडून घ्या. रबर फुगले असेल किंवा आत चिकट थर बसला असेल, तर किट बदला. ब्रेक सोडल्यावर मागची चाके लगेच मोकळी होत नाहीत, असे वाटले तर घाटात गाडी नेऊच नका.

कूलंट भरताना कंप्रेसरच्या हेडवरील परतीची नळी थोडी ढिली ठेवा आणि तिच्यातून हवा न येता अखंड धार आली, की मग आवळा. ती जागा उंच असल्याने तेथे हवा अडकते, आणि दुरुस्त केलेले हेड पहिल्याच दिवशी कोरडे तापते.

घाटवाट

कसारा उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा ब्रेक, असेल तर तो वापरा. कंप्रेसरवरचा ताण कमी होतो आणि ड्रमही गार राहतात. नवे होज पहिल्या तापण्या-गार होण्यात थोडे बसतात, तेव्हा पहिल्या लांब खेपेनंतर क्लिपा गार इंजिनावर पुन्हा एकदा आवळून घ्या.

कादवाकाठ

सर्व सांगितल्याप्रमाणे केले. ड्रायरचा डबा नवा घातला, रिले व्हॉल्व्हचे किट बदलले. पॅडलखालचा व्हॉल्व्ह उघडून पाहिला, तो आतून स्वच्छ आहे. प्रेशर टेस्टर रात्रभर लावून ठेवला होता, सकाळी काटा गारठ्याने जेवढा उतरायचा तेवढाच उतरलेला होता आणि इंजिन तापताच परत जागेवर आला. द्राक्षांची पहिली खेप वाशीला जाऊन आली. गार इंजिनावर पातळी रेघेवरच आहे, क्लिपा आवळून झाल्या आहेत, हवेच्या टाक्यांतून निघणारे पाणी अजून किंचित पिवळसर आहे, म्हणून नळ रोज सोडतो आहे.

द्राक्षबागाईतदार

हा धागा वाचून आमच्या दहाचाकीवर आजच बुडबुड्यांची चाचणी केली. हवा पूर्ण भरल्यावरही बुडबुडे थांबत नाहीत आणि गती वाढवली की वाढतात. गाडी चढावरच कूलंट टाकते. यंत्रवेध ताईंनी सांगितलेली निळ्या द्रावणाची चाचणी भार देऊन करायची आहे. ती साधने भाड्याने कोणाकडे मिळतील, हे सांगलीच्या बाजूच्या कोणाला ठाऊक असेल तर येथे लिहावे.

पाना_पक्कड

तुमच्या गाडीचे लक्षण हेडचेच दिसते. साधन आमच्या गॅरेजात आहे, भाडे नको. चढ जवळ असलेल्या ठिकाणी गाडी माल भरूनच आणा, रिकाम्या गाडीवर ही चाचणी घेण्यात अर्थ नाही. व्यक्तिगत निरोपातून पत्ता पाठवतो.